डी ड्राइव्हमधल्या नऊ जणी

विमल,

तेरवी आटोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन लावलं. उघडायला तेवीस मिनिटं लागली. घड्याळ समोर ठेवूनच बसलो होतो, तू असतीस तर हसली असतीस. चोविसाव्या मिनिटाला पडदा नीट दिसायला लागला. मी डी ड्राइव्ह उघडला, 'लोणची' या फोल्डरवर बाण नेला, दोनदा दाबलं, आणि आतून तो आवाज आला. टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्. मग पडदा निळा झाला आणि मशीन बंद पडलं.

तू सहा महिन्यांपासून सांगत होतीस की आवाज बदलला आहे. मी सांगत होतो की आवाज हे काही माप नव्हे. आपलं ते भांडण अर्धवट राहिलं होतं. त्याचा निकाल आता लागला आहे आणि तो तुझ्या बाजूनं लागला आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आर्णीत तुला सोयरिका जुळवणारी ताई म्हणून ओळखतात. कापसाचे हे बुडीत दिवस आल्यापासून शेतकऱ्याच्या घरी पोरगी द्यायला कोणी धजेना, तेव्हा आपल्या दारात बाप यायला लागले. ढाणकीकडचे, मुकुटबनकडचे, कुठकुठले. खिशात पोराचा फोटो, घडी पडलेला. एक जण तुला म्हणाला होता, "ताई, पोरगा कचेरीत चपराशी जरी असता तं आजपर्यंत मले दोन नातू झाले असते." तू त्याला म्हणालीस, "नातू होतीन. आधी पोराले म्हणा, फोटोत हसाले काय झालं होतं?" आणि त्याला परत पाठवून दुसरा फोटो आणायला लावलास.

वह्या पुरेनात म्हणून मी बंद पडलेल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधून ते मशीन आणलं. रॅम एकशे अठ्ठावीस एमबी, डिस्क दहा जीबी. त्यातला सी चार जीबीचा आणि डी सहाचा. सुरुवातीला ते दोन मिनिटं चाळीस सेकंदांत उघडायचं. मग स्कॅनर आला, फोटो आले, पत्रिका आल्या. मुलगे तीनशे अठरा झाले, मुली सेहेचाळीस. मशीन मंद झालं. मी पंचायत समितीत आकडे गोळा करणारा माणूस, पुस्तकं वाचून कामाला लागलो. दोष काय तो माझ्या मते स्पष्ट होता. रॅम कमी पडत होती.

तुला मी ते व्हर्च्युअल मेमरीचं प्रकरण ओट्यावरूनच समजावलं होतं. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की मशीन नको असलेलं सामान डिस्कवर राखलेल्या एका जागेत नेऊन ठेवतं, आणि लागलं की पुन्हा घेऊन येतं. तू लगेच म्हणालीस, "म्हणजे ओटा लहान म्हणून डबे सारखे कोठीत नेणं अन् आणणं. मंग सैपाक कधी कराव त्यानं?" पुस्तकातल्या दोन पानांपेक्षा हे एक वाक्य बरं होतं. तेव्हा तसं म्हणालो नाही. आता म्हणतो.

मग डीफ्रॅगचे रविवार सुरू झाले. फाइलींचे तुकडे डिस्कभर विखुरतात, ते एका ओळीत आणून लावायचे, म्हणजे शोधाशोध वाचते. आपल्या डिस्कला त्याला पावणेसहा तास लागायचे, आणि भारनियमनामुळे सलग सहा तास वीज आठवड्यातून एखाद्याच दिवशी असायची. मी वीज कधी जाते त्याचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं आणि त्यातून सकाळी आठ ते दोनची खिडकी काढली. त्या वेळात मशीनला हात लावायचा नाही, असा माझा नियम. नेमके रविवारीच लोक यायचे. ओसरीवर बसून विचारायचे, "ताई, मशीन कायले बंद हाय?" तू आतून सांगायचीस, "बंद नाई. आमचे मालक त्याचं कोठीघर आवरून राह्यले. तवर चहा घ्या." एका रविवारी वीज चाळीस मिनिटं आधीच गेली. डीफ्रॅग मधेच तुटलं. मी वेळापत्रकाकडे पाहत राहिलो, जसं काही त्यानं मला शब्द दिला होता. पहिला टक् तू त्याच आठवड्यात ऐकलास. मी तो माझ्या मशीनच्या वेळा टिपायच्या वहीत लिहिला नाही, कारण तो किती सेकंदांचा ते मला सांगता येत नव्हतं.

डीफ्रॅग नीट चालायला पंधरा टक्के जागा मोकळी लागते. आपल्या डीवर तेरा टक्के होती. मी यादी काढली. वय अडतीसच्या वर, नोंद होऊन तीन वर्षं झालेली, एकदाही कोणी पाहायला आलेलं नाही, असे एकेचाळीस मुलगे. म्हणालो, यांचे फोटो काढून टाकू.

"लगन झालं का त्यायचं?"

"नाही."

"मंग काहून काढता?"

"जागा पाहिजे, विमल."

"जागा पाहिजे म्हणून पोराले घराबाहेर काढते का कोणी?"

"पोरगा नाही काढत. फोटो काढतोय."

"त्याच्या मायले इचारून पाहा," तू म्हणालीस, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललीस.

म्हणून मी जागा दुसरीकडे शोधायला लागलो आणि मला 'लोणची' सापडलं. दोनशे चाळीस एमबी. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, "लोणच्यांना एवढी जागा कशाला लागते गं?" तू गॅस बंद केलास, बाहेर येऊन आधी रस्त्याकडचं दार लावलंस, आणि मगच बोललीस.

त्यात नऊ जणी होत्या. नवरा गेलेल्या, तिशीच्या आतबाहेरच्या. या वर्षांत अशा किती झाल्या ते मी सरकारी कागदावर रोज पाहतो, त्याबद्दल इथं लिहीत नाही. त्या नऊ जणी वेगवेगळ्या गावच्या. कोणी भावाचा फोटो द्यायच्या निमित्तानं आली होती, कोणी नणंदेसाठी मुलगा पाहायला. फोटो देऊन झाल्यावर उठता उठता तुला हळूच म्हणाली होती, की ताई, माझंबी पाहाल का. सासरी कळलं तर काय होतं, ते तुला माहीत होतं. आधी तू त्यांच्यासाठी एक वही केली होतीस. धाकट्या पोरासाठी मुलगी शोधायला आलेल्या एका बाईनं तू चहा टाकत असताना ती वही चाळली, आणि तिला त्यात आपल्याच सुनेचं नाव दिसलं. आठवड्याच्या आत सून माहेरी पाठवली गेली. नातू त्यांनी ठेवून घेतला. ती वही तू बंबात घातलीस. पाणी तापेपर्यंत तिथंच बसून होतीस, हे मला आठवतं. मी विचारलं होतं काय जाळते आहेस, आणि तू रद्दी म्हणाली होतीस.

त्यानंतर तू प्रत्येकीला शब्द दिलास की कागदावर काही राहणार नाही. एकेकीची एक फाइल, तिच्यावर नाव लोणच्याचं. कैरी, लिंबू, आवळा, मिरची, हळद, करवंद, भोकर, आलं, अंबाडी.

आमच्या कचेरीत कोणताही कागद तीन प्रतींत असतो. मी तुला म्हणालो, निदान एक प्रत कर. फ्लॉपीत करायची तर एकशे सदुसष्ट फ्लॉप्या लागतील, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊ. तू तो हातात घेऊन पाहिलास आणि दुकानातच परत दिलास. बाहेर आल्यावर म्हणालीस, "हे खिशात मावते. आपल्या खिशात मावते ते दुसऱ्याच्याबी खिशात मावते." मला ते पटलं नाही. पण मी वाद घातला नाही, कारण त्या दिवशी बाजारातून घरी येताना तू दोनदा थांबली होतीस, आणि माझं लक्ष तिकडे गेलं होतं.

त्याकडे येतोच. आधी मशीनचं पुरं करतो.

मी वाचलं होतं की व्हर्च्युअल मेमरीची जागा दुसऱ्या डिस्कवर नेली तर मशीन जलद होतं. आपल्याकडे सी होता आणि डी होता. मी ती जागा सीवरून डीवर नेली. तीनशे चौऱ्याऐंशी एमबी, कमीत कमीही तेवढीच आणि जास्तीत जास्तही तेवढीच, म्हणजे ती वाढत-आटत बसणार नाही आणि तिचे तुकडे होणार नाहीत. इतका बारीक विचार केला. नेण्याआधी मशीन चार मिनिटं दहा सेकंदांत उघडत होतं. नेल्यावर पाच पस्तीस. मी म्हणालो, जागा कमी पडतेय. पाचशे बारा केली. सात वीस. सातशे अडुसष्ट केली. अकरा मिनिटं. सगळे आकडे वहीत तारखेसह आहेत. उत्तर माझ्याच अक्षरात माझ्यासमोर लिहिलेलं होतं आणि मी ते उलटं वाचत होतो. तू मागून म्हणत होतीस, "अहो, ते दुखते त्याले. आवाज ऐका ना." मी म्हणत होतो, "आवाजाचं सांगू नको, वेळ सांग."

आता तुझं.

मशीन आणि माणूस यांची तुलना करणं मला आवडत नाही. पण दोन्हीकडे चूक करणारा माणूस एकच होता, आणि त्याची चूक करायची रीतही एकच. तुला दम लागायला लागला तेव्हा मी तुझं रक्त तपासून आणलं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दोष सापडला आणि त्याला आकडाही होता. लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, पालक. यवतमाळला मोठ्या डॉक्टरला दाखवू असं तू एकदा म्हणालीस. एकदाच म्हणालीस. मी म्हणालो, आधी आकडा अकरावर येऊ दे, मग जाऊ, नाहीतर तेही हेच सांगतील. दहा आठवड्यांनी दहा पूर्णांक नऊ आला. मी तो कागद तुला जिन्यातच दाखवला. तू कठड्याला धरून उभी होतीस. म्हणालीस, "आकडा चढला म्हणता, पण जिना तं मलेच चढा लागते."

मी हसलो. विमल, मी हसलो होतो.

शेवटी तुला नागपूरला न्यावं लागलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या छातीला नळी लावली आणि अर्ध्या मिनिटात मान वर केली. हृदयाची झडप अरुंद झालेली होती, बहुधा लहानपणच्या कुठल्या तरी तापापासून. त्यांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? मी तारीख सांगितली. जिन्यात पहिल्यांदा थांबली ती तारीख, बाजारातून येताना एकदा थांबली ती, दोनदा थांबली ती. सगळ्या तारखा माझ्याकडे होत्या. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी तू गेलीस.

त्या चार दिवसांत एकदा तू शुद्धीवर होतीस, तेव्हा मला वाटलं होतं तू काही घरचं सांगशील, मुलीबद्दल सांगशील. तू म्हणालीस, "लोणचं पाहा." नर्सला वाटलं तुला लोणचं खावंसं वाटतंय. ती म्हणाली, काकू, मीठ बंद आहे. तू तिच्याकडे पाहून हसलीस आणि मग माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं.

म्हणून तेरवीनंतर एक दिवसही थांबलो नाही. निळा पडदा आला तरी मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. मग मशीनचा डबा तुझ्या एका सुती साडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला आणि यवतमाळला शकीलच्या दुकानात गेलो. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तिशीचा आहे, हातानं सावकाश आणि तोंडानं तिखट. त्यानं डिस्क काढली, कानाशी धरली. तुझ्यासारखीच.

"काका, बंद पडल्यावर किती डाव चालू केलं?"

"सात वेळा."

"मोजलं तुमी?"

"हो."

"मोजलं नसतं अन् चालूबी केलं नसतं, तं लय बरं झालं असतं. हिच्या चकतीवर ओरखडे पडून राह्यले. दर टायमाले चालू केलं की थोडी जाते."

मी त्याला माझी वही दाखवली. त्यानं पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे व्हर्च्युअल मेमरी डीवर कोणं नेली?"

"मी. दुसऱ्या डिस्कवर न्यावी असं पुस्तकात होतं."

"दुसरी हाय कुठं, काका?" त्यानं ती डिस्क माझ्या तळहातावर ठेवली. अर्धा किलो वजनाचा एक पत्र्याचा डबा. "एकच चकती. सी, डी म्हणजे मधात फक्त पडदी टाकली. सुई बिचारी दिवसभर सीपासून डीपर्यंत, डीपासून सीपर्यंत. तुमी तिले पार दमवून टाकली."

त्यामुळेच डिस्क गेली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, विजेच्या झटक्यांनी आधीच दुखावली असेल, नक्की कोण सांगणार. पण रॅमचा दोष नव्हता. डिस्कच वाचता वाचता अडखळत होती, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती, म्हणून उशीर. "तुमी कोठी मोठी करत राह्यले," असं तो म्हणाला नाही. ते मी माझ्याशी म्हणालो.

मी त्याला सांगितलं, बाकी काही नको, फक्त एक फोल्डर पाहिजे, आणि त्यातली एकही फाइल उघडून पाहायची नाही. त्यानं नाव वाचलं. "लोणची? दोनशे चाळीस एमबी? काकूच्या हाताले चव असन." मग त्यानं माझा चेहरा पाहिला. पडदा माझ्याकडे वळवून स्वतः बाजूला बसला. म्हणाला, "मी नावं वाचत नाई. मी फक्त साइझ पाहतो." दोन दुपारी तो डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून थेंब थेंब उपसत होता, आणि येईल ते माझ्या मशीनसाठी घेतलेल्या नव्या डिस्कवर उतरवत होता. दहा मिनिटं चालवायची, मग गार होऊ द्यायची. मी समोर बसून होतो. मला त्या दोन दिवसांत वहीत काही लिहावंसं वाटलं नाही.

कैरी आली. लिंबू, आवळा, मिरची, हळद आल्या. पाच.

करवंद अर्धी आली. त्यात शब्द एकही नाही, फक्त एक फोटो, आणि तोही वरून अर्धाच. कपाळ, डोळे, नाकाचा शेंडा. त्याखाली सगळं राखाडी. तिचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. तो फोटो आर्णीत चार जणांना दाखवला तर पाच मिनिटांत कळेल, आणि तेच करायचं नाही असा तुझा शब्द. मी रोज ते डोळे पाहतो आणि कोणाला विचारू शकत नाही.

भोकर, आलं आणि अंबाडी यांचं काहीच आलं नाही. व्हर्च्युअल मेमरीसाठी मी जी जागा राखली होती, तिच्या लगतच त्या होत्या, असं शकील म्हणाला. मी ती दुसऱ्यांदा वाढवली तेव्हा तिची हद्द त्यांच्यापर्यंत गेली आणि सुई तिथंच सगळ्यात जास्त घासत राहिली. कुठल्या तरी तीन गावांत तीन बायका बसल्या आहेत. ताई आपल्यासाठी बघते आहे, असं त्यांना वाटतं. ताई गेली हे त्यांना कळलंही असेल. माझ्याकडे त्यांचं काही उरलेलं नाही, हे त्यांना कोण सांगणार? कोणत्या दारात जाऊन?

मुलगी नागपूरला कॉलेजात परत गेली. तिला मी यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवता ना वेळेवर?" मी म्हणालो, साडेबाराला आणि आठला. तिचं समाधान झालं.

बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई आली. पायरीवरच बसली, रस्त्यावरून दिसेल अशी. हातात कोणा भावाचा फोटो. मी म्हणालो, नोंदणी बंद आहे. तिनं फोटो पदरात ठेवला.

"तुमी ताईचे मालक ना?"

"हो."

"ताईजवळ माह्यं काही ठेवलेलं असन, तं पुसून टाका."

मी आतल्या खुर्चीवरून पायरीजवळ आलो, तशी ती जरा सरकली, म्हणून मी पुन्हा मागे गेलो. हळू आवाजात विचारलं, "नाव?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"नाव कळल्याशिवाय कोणती फाइल पुसू मी?"

"नाव सांगाचं असतं तं पुसाले कायले आली असती, भाऊ? ताई होती तवर ठीक होतं. आता माणसाच्या हातात..." ती थांबली. "तुमच्यावर नाई म्हणत मी."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. मुद्दाम. ती करवंद आहे का हे मला कळलं असतं, आणि ते कळून घ्यायचा मला अधिकार नव्हता. मी तिला खरं ते सांगितलं. मशीन बिघडलं, काहींचं सगळं गेलं, पाच जणींचं आहे. तुमचं गेलेलंही असेल. मला माहीत नाही. म्हणालो, तुम्हाला भीती वाटत असेल तर मी पाचही पुसून टाकतो, आत्ता, तुमच्यासमोर.

"दुसऱ्यायचं काहून पुसता?" ती एकदम म्हणाली. मग तिनं रस्त्याकडे पाहिलं. एक बैलबंडी गेली. "तुमी चालवसान का ताईचं काम?"

"मला जमत नाही ते. मी कधी केलं नाही."

"मंग ठेवून काय कराले?"

ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. टोमणा नव्हता तो. तिला खरोखर कळत नव्हतं.

विमल, मलाही कळलं नाही. गेली सहा वर्षं मी त्या मशीनची जागा वाचवत होतो, ओळीत लावत होतो, वाढवत होतो, मोजत होतो, आणि तू त्यातून लग्नं लावत होतीस. एकशे बारा लावलीस. तोही आकडा माझ्याच वहीत आहे, आणि त्यातल्या एकाही लग्नात माझा हात नाही. त्या बाईचा प्रश्न मला आठ दिवस झोपू देत नाही. मी तुझा शब्द मोडला नाही, हे खरं. पण पाच बायकांना फाइलीत बंद करून ठेवण्याला शब्द पाळणं म्हणता येईल का, हे मला कोणाला विचारता येत नाही. तुला विचारतो आहे.

काल मी पहिल्यांदा त्या पाचही फाइली उघडून वाचल्या. तुझी परवानगी घेतली नाही, रागावू नकोस. तू बोलतेस तशीच लिहितेस. एकीच्या पुढे लिहिलं आहेस, 'पोरगी चार वर्षांची, तिले सोडून राहणार नाही, हे आधीच सांगणे.' एकीच्या पुढे, 'फोन करू नये. सासरा उचलतो.' आणि हळद या फाइलीच्या शेवटी आहे, 'वर क्रमांक १८७ चालेल. त्याच्या आईशी अर्धं बोलले आहे.'

अर्धं म्हणजे किती? काय सांगून झालं होतं आणि काय राहिलं होतं? मुलगी विधवा आहे हे त्या आईला कळलं आहे, की तेच सांगायचं राहिलं? तिनं नाही म्हटलं होतं आणि तू ते अर्धं धरलं होतंस का? तू धरत होतीस तसं, मला माहीत आहे. मी तीन तास ती एक ओळ वाचत बसलो. हे मोजता येत नाही.

१८७चं नाव-गाव तुझ्या जुन्या वहीत सापडलं, उद्या मी त्याच्या घरी जाणार आहे. गावाचं नाव इथं लिहीत नाही, तेवढं शिकलो. अर्ज टाकून रजा काढली आहे. ओसरीवर चपला काढीन, पाणी देतील ते पिईन, आणि मग काहीतरी बोलावं लागेल. तू पहिलं वाक्य काय बोलायचीस? मला ठाऊक नाही, विमल. तुला इतक्या घरांत सोडायला आलो, पण एकदाही तुझ्याबरोबर आत आलो नाही. बाहेर स्कूटरवर बसून तुला किती वेळ लागतो, ते पाहत राहिलो.